सांगलीची लाईन आणि राहीचा निरोप

आकाराम थोरातांना कुणी टेलिफोन ऑपरेटर म्हटलं, की त्यांचं डोकं फिरायचं. "ऑपरेटर बसत्यात एक्स्चेंजात," ते म्हणायचे, "म्या लाईनवाला हाय." कागदावर त्यांचा हुद्दा काय होता देव जाणे, पण सिद्धोबा सहकारी साखर कारखान्यात चेअरमनपासून गव्हाणीत ऊस टाकणाऱ्या गड्यापर्यंत सगळे त्यांना लाईनवाले आकारामभाऊ म्हणत. तसं म्हटलं की स्वारी खूश.

कारखाना कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर. साखर विकायची ती सांगलीच्या बाजारात. तिथं कारखान्याची एक छोटी कचेरी होती आणि तिच्यात गंगाधर फाटक नावाचे कारकून बसत. या दोन ठिकाणांच्या मधली एक तार कारखान्यानं टेलिफोन खात्याकडून वर्षाच्या भाड्यानं घेतली होती, आणि ती तार म्हणजे आकारामभाऊंचा जीव की प्राण. इकडं दांडी फिरवली की तिकडं गंगाधरपंतांच्या टेबलावर घंटी. मध्ये कुणी नाही. नंबर मागायचा नाही, ताटकळायचं नाही, आपलं बोलणं तिसऱ्याच्या कानावर जायची भीती नाही. दिवसभर कुणी बोललं नाही तरी तार आपलीच. ती रिकामी पडून राहील, पण दुसऱ्या कुणाला मिळायची नाही. भाडं मात्र बोला न बोला, भरायचंच.

आता ही लाईन कारखान्याला सुचवली कुणी? आकारामभाऊंनीच. माणूस फौजेतला, सिग्नलमधला. पासष्टच्या लढाईत खांद्यावर तारेचं रीळ घेऊन रानोमाळ पळालेला. पेन्शनवर आला आणि कारखान्यात चिकटला. तिथं बघतो तर साखरेचा भाव विचारायला सुद्धा कराडच्या एक्स्चेंजाकडं ट्रंक कॉल नोंदवायचा आणि मग घंटी कधी वाजेल म्हणून डोळे लावून बसायचं. गडी चेअरमन आप्पासोंच्या मागं हात धुऊन लागला. "आवं आप्पासो, आपली सवताची तार असंल तर भाव पडायच्या आत साखर इकून मोकळं हू." आप्पासो चिवट, पण आकारामभाऊ त्यांच्याहून चिवट निघाले. लाईन आली. त्या दिवशी त्यांनी यंत्राला हार घातला, नारळ फोडला, आणि पहिला शब्द स्वतः बोलले. काय बोलले? "गंगाधरपंत, ऐकू येतंय का?" फौजेतल्या माणसाकडनं याहून जास्त काव्याची अपेक्षा करू नये.

कचेरीत साधा फोनही होता, एक्स्चेंजातून जाणारा. त्याच्याकडं आकारामभाऊ सवतीच्या पोराकडं बघावं तसं बघायचे. एकदा मशिनीचा भाग मागवायला त्यांना कोल्हापूरचा कॉल लावायची पाळी आली. नोंदवला सकाळी आणि दुपार कलली तरी पत्ता नाही. कराडच्या एक्स्चेंजात तेव्हा उमा करंबेळकर म्हणून बाई होत्या, मूळच्या वाईच्या. आवाज शांत, पण जीभ काही कमी नव्हती. आकारामभाऊंनी फोन उचलला आणि तोफ डागली.

"ओ बाई, तुमचं एक्स्चेंज हाय का बाजारच्या दिवशीचं एसटी स्टँड? जो यील त्यो घुसतोय, आन् आमी हितं रांगंत."

उमाताई म्हणाल्या, "असू दे एसटी स्टँड. पण स्टँडावरून कुठंही जाता येतं, थोरात. तुमच्या लाईनवरून फक्त सांगलीला."

आकारामभाऊंनी फोन खाली ठेवला. ते बोलणं त्यांना पुढं कितीतरी दिवस टोचत राहिलं. बायकोला, चंद्राबाईला, त्यांनी घरी येऊन हा किस्सा सांगितला तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "खोटं काय बोलल्या त्या?" झालं. त्या रात्री आकारामभाऊ एक भाकरी कमीच जेवले.

त्यांना एकच मुलगी, राही. तिला मिरजेजवळच्या गावात दिली होती. लग्नाच्या मांडवातच सासरेबुवांनी जावयाला कानमंत्र दिला होता. दुसरे सासरे म्हणतात, माझ्या लेकीला जपा. हे म्हणाले, "कवा बी काय अडलं तर सांगलीच्या आमच्या कचेरीत जायाचं. दांडी फिरवायची. म्या हजर." जावई मनातल्या मनात हसला असेल. पण लक्षात ठेवलं, हे त्याचं चांगलं.

राहीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी झालं. दुसऱ्याच्या वेळी ऐन हंगाम होता, घरात माणसं ऊसतोडीच्या मागं, म्हणून ती सासरीच राहिली. एकाहत्तरची लढाई संपून दोनेक वर्षं झाली होती. कारखान्याची धुराडी पेटलेली, रस्त्यावर उसाच्या ट्रकांची रीघ. अशाच एका सकाळी लाईनची घंटी वाजली. भावाची वेळ नव्हती. आकारामभाऊंनी कानाला लावलं तर गंगाधरपंतांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"आकारामभाऊ, तुमचे जावई आलेत इथं. राहीला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलंय. मुलगी झाली, ती ठणठणीत आहे. पण राहीचं रक्त थांबत नाही. तिच्या जातीचं रक्त दवाखान्यात एकच बाटली होती, ती चढवली. ओ निगेटिव्ह म्हणतात. दुसरी नाही. डॉक्टर म्हणतात की..."

आणि लाईन गेली.

काय म्हणतात डॉक्टर? आकारामभाऊंनी दांडी फिरवली. फिरवली, पुन्हा फिरवली. काही नाही. ज्या तारेत कधी तिसरा माणूस आला नाही, तिच्यात आता दुसराही नव्हता.

अशा वेळी तुम्ही-आम्ही काय केलं असतं? दुसरा फोन उचलला असता. आकारामभाऊंनी पक्कड घेतली, कमरेचा पट्टा घेतला, सायकलवर टांग टाकली आणि लाईन धरून निघाले. तुटली असेल तिथं खांबावर चढायचं, जोडायची, गंगाधरपंतांचं अर्धं वाक्य पुरं करून घ्यायचं. सिग्नलच्या माणसाचे हातपाय दुसरं काही करूच शकत नाहीत. तार तुटली की माणूस तारेकडं पळतो. लेक मिरजेत पडली होती आणि बाप खांब मोजत सुटला होता. त्याला वेडा म्हणा हवं तर, पण त्याच्या वेडात माया होती.

पहिल्या मोठ्या वळणावर त्यांना सगळं दिसलं. आपल्याच कारखान्याचा ट्रक, आभाळाला टेकेल एवढा ऊस भरलेला, वळणावर कलंडून खांबांवर गेला होता. ओळीनं खांब झोपले होते. त्या खांबांवर कारखान्याची तार होती आणि सांगलीकडं जाणाऱ्या सगळ्या जगाच्या तारा होत्या. ड्रायव्हर डोक्याला हात लावून बांधावर बसला होता. "जास्ती भरू नगासा म्हणून किती येळा सांगितलं," आकारामभाऊ त्याला म्हणाले, पण त्यात राग नव्हता, बळच नव्हतं. हे एका पकडीचं काम नव्हतं. त्यांनी सायकल वळवली.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्याकडं खेड्यात तेव्हा आपल्या रक्ताचा गट कुणाला ठाऊक असायचा? कुणालाच नाही. पण फौजेतल्या माणसाला ठाऊक असायचा, कारण फौज तपासून लिहून ठेवायची. पासष्टला जखमींसाठी रक्त लागायचं तेव्हा आकारामभाऊंच्या तुकडीतले ओ निगेटिव्हवाले जवान हाक मारून गोळा केले जायचे. सुभेदारानं त्यांचं नाव ठेवलं होतं उलट्या रक्ताची टोळी. टोळीतले तिघे या भागातले. एक आकारामभाऊ स्वतः. दुसरा जोतीराम, तो कराडजवळच्या मलकापुरात किराणा दुकान चालवायचा. तिसरा लालासाहेब शिंदे, तो कवठे महांकाळला बाजरीचं रान करायचा. कवठे महांकाळ मिरजेपासून जवळ. हे दोघं कराडकडून पोचायच्या किती तरी आधी लालासाहेब पोचला असता. फक्त त्याला कळायला हवं होतं.

आकारामभाऊ कचेरीत शिरले आणि सवतीच्या पोराचा कान धरला.

"उमाताई, म्या लाईनवाला आकाराम बोलतोय. सांगली द्या. जिवाचं काम हाय."

"सांगलीच्या सगळ्या तारा आत्ताच गेल्या, थोरात. कुणीतरी खांब पाडलेत."

"आमच्याच ट्रकनं," आकारामभाऊ म्हणाले.

"काय झालंय ते सांगा," उमाताई म्हणाल्या. त्यांनी सांगितलं. राही, रक्त, लालासाहेब, सगळं. उमाताईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "कवठे महांकाळ नेहमी सांगलीवरून लागतं. ते बंद. कोल्हापूरवरून मिरज आहे, तिथून जाता येईल. नाहीतर सोलापूर, जत असा वळसा आहे. पण सांगलीचे सगळे कॉल आता याच वाटांवर येऊन पडलेत. तुम्हाला सलग बोलायला मोकळी तार जोडून द्यायची म्हटलं तर अर्जंट लावूनही दुपार होईल. तेवढा वेळ आहे का?"

"न्हाई."

"मग निरोप तोडून द्या. एका दमात एक वाक्य. दोन कॉलच्या मध्ये आम्हा ऑपरेटरना श्वास घेण्याएवढी जागा असते, तेवढ्यात एकीनं दुसरीला एक वाक्य सांगता येतं. ती चिठ्ठीवर लिहून घेईल आणि तिची पुढची तार मोकळी झाली की पुढं देईल. जी वाट उघडेल त्या वाटेनं."

आकारामभाऊंनी फौजेतल्यासारखा निरोप सांगायला सुरुवात केली. लालासाहेब शिंदे, माजी हवालदार, कवठे महांकाळ, देवळामागची वस्ती. मग दुसरं वाक्य, ओ निगेटिव्ह रक्त पाहिजे. उमाताईंनी तिथंच थांबवलं.

"कुणाला पाहिजे? कुठं? निरोप कुणाचा, कुणाला? आणि हा कितवा तुकडा?"

"आवं पैल्यात सांगितलं की. पैला म्होरं जाईल, ह्यो त्येच्या मागनं."

"नाही जाणार. ही तुमची लाईन नव्हे, आकारामभाऊ." थोरातचं आकारामभाऊ झालं होतं, पण ते ऐकायच्या मनःस्थितीत ते नव्हते. "एक तुकडा कोल्हापूरला जाईल, दुसरा सोलापूरला. तिथल्या मुलीला पहिला माहीतच नसणार. तिच्या हातात एकच चिठ्ठी असेल, आणि त्या चिठ्ठीला एकटीला पोचता आलं पाहिजे. प्रत्येकीवर सगळं लिहायचं."

"येळ चाललाय, बाई."

"म्हणूनच सांगतेय. बोला. लालासाहेब शिंदे, कवठे महांकाळ. राहीसाठी, मिरज मोठा दवाखाना. तुकडा पहिला."

असे चार तुकडे झाले. पहिल्यात लालासाहेबाची वस्ती. दुसऱ्यात ओ निगेटिव्ह रक्त. तिसऱ्यात बायकांचा वॉर्ड, बाळंतीण, आजच्या आज. चौथ्यात एवढंच, की सिग्नलचा आकाराम बोलावतोय, लगेच निघ. आणि चारही वेळा नाव, गाव, राही, दवाखाना. फौजेत ज्यानं गोळीबारात तार जोडली त्या माणसाला आपल्या लेकीचं नाव चौथ्यांदा सांगता येईना. त्यांचा आवाज फुटला. उमाताईंनी ते न ऐकल्यासारखं केलं आणि रीतीप्रमाणं चारही तुकडे वाचून दाखवले.

"निघा तुम्ही," त्या म्हणाल्या. "हे माझ्याकडं लागलं."

आप्पासोंनी आपली जीप काढून दिली, एक अक्षर न विचारता. मलकापुरात जोतीराम गिऱ्हाइकाला डाळ मोजत होता. "राहीला रक्त पायजे," एवढं ऐकलं आणि त्यानं माप तसंच डाळीत खुपसलं, गिऱ्हाइकालाच म्हणाला, "दुकानाकडं बघ रं जरा," आणि जीपमध्ये चढला. वाटेत ते पडलेले खांब लागले. आकारामभाऊंनी तिकडं पाहिलं नाही. त्यांचं डोकं एकाच गोष्टीत अडकलं होतं. आपण आयुष्यभर पाहत आलो ती तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसणारी, हातानं चाचपता येणारी. आणि आज लेकीचा जीव कुठल्या कुठल्या गावच्या, कधी न पाहिलेल्या पोरींच्या हातात, चिठ्ठ्या-चिठ्ठ्यांनी. कोण कशाला लक्ष देईल?

"पोचलं आसंल का रं?" त्यांनी विचारलं.

"पोचंल गड्या," जोतीराम म्हणाला. पण खात्री त्यालाही नव्हती.

मिरजेला दवाखान्याच्या दारातच गंगाधरपंत भेटले. लाईन गेल्यावर ते जावयाला घेऊन तडक इथंच आले होते. ते काही बोलायच्या आत आकारामभाऊंनी बाही वर केली. "कुठं जायाचं? माझं काढा पैलं."

डॉक्टरांनी तपासायच्या आधी चार प्रश्न विचारले. कधी काही मोठं दुखणं? आकारामभाऊ सरळ माणूस, सांगून बसले की दोन वर्षांमागं कावीळ झाली होती. डॉक्टरांनी मान हलवली. कावीळ झालेल्याचं रक्त चालत नाही. आकारामभाऊ त्यांच्याकडं बघतच राहिले. परक्या जवानांना चाललेलं रक्त, आणि सवताच्या लेकीला चालत न्हाई? त्यांनी हात जोडले, डॉक्टरांचा हात धरला, "तिचंच हाय वो ते," म्हणाले. डॉक्टर भले होते, पण नाही म्हणजे नाही. तिथंच भिंतीला टेकून आकारामभाऊ खाली बसले. आता त्यांच्या हातात काही म्हणजे काही नव्हतं. फक्त दुसऱ्यांनी यायचं होतं.

"उठा," गंगाधरपंत म्हणाले. "तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. आत या."

आत खाटेवर एक माणूस आडवा होता. डोईची टापशी उशाला, पायाला रानातली माती तशीच. लालासाहेब. हाताला नळी, आणि चेहऱ्यावर वैतागलेलं हसू.

"कवाधरनं पडलोय हितं," तो म्हणाला. "आन् तू आता यतोस व्हय?"

आकारामभाऊ त्याच्या पायाशी बसले आणि रडले. रडण्याची लाज त्यांना त्या दिवशी वाटली नाही, आणि पुढं कधी ते सांगतानाही वाटली नाही.

लालासाहेबानं मग हकीकत सांगितली. कवठे महांकाळच्या एक्स्चेंजात आधी तिसरा तुकडा आला, बायकांचा वॉर्ड आणि बाळंतीण. मग पहिला. पाठोपाठ चौथा. दुसरा आलाच नाही. तिथल्या ऑपरेटरनं शिपायाला सायकलवर पिटाळलं आणि त्यानं नांगराच्या मागं चालणाऱ्या लालासाहेबाला तीन चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. म्हणजे रक्ताचं काही त्यात नव्हतंच. बाळंतिणीच्या वॉर्डात या गड्यानं जाऊन करायचं काय, ते त्याला कळेना.

"मग आलास कसा रं?" जोतीरामनं विचारलं.

"न्हाई कळलं, म्हून काय झालं? ह्यो बोलावतोय म्हणल्यावर?" लालासाहेब म्हणाला. "बैल सोडलं आन् यष्टी धरली. हितं आल्यावर कळलं कशाला बोलावलंय."

लालासाहेबाची बाटली राहीला चढली. मग जोतीरामची. डॉक्टर म्हणाले, आणखी एक मिळाली तर मी निर्धास्त होईन. गंगाधरपंत सांगली-मिरज पालथी घालून आले होते. त्या गटाचा माणूस मिळाला नव्हता. ऊन उतरायला लागलं. राहीचा चेहरा कागदासारखा होता, पण तिनं डोळे उघडून बापाकडं पाहिलं आणि विचारलं, "आबा, जेवलासा का?" आकारामभाऊंनी तोंड फिरवलं.

तेवढ्यात दारात एक अनोळखी माणूस उभा राहिला. उंच, काळासावळा, हातात पिशवी, चपला हातात काढून घेतलेल्या. बोलणं कानडी वळणाचं.

"हितं लालासाहेब शिंदे कोण हायती?" त्यानं विचारलं.

"म्या," लालासाहेब म्हणाला. "तुमी कोण?"

"म्या मल्लाप्पा. जतचा. फौजेत हुतो की." त्यानं खिशातून एक चिठ्ठी काढली. "ह्यो निरोप तुमच्या नावचा. सोलापूरवरनं जतला आला आन् तितंच अडकला, कवठ्याची तार लागंना. आमच्या एक्स्चेंजातल्या बाईनं वाचलं, ओ निगेटिव्ह. म्या हप्त्यामागंच तिला फौजेच्या गोष्टी सांगताना बोललो हुतो, माझं बी रक्त त्येच. तिनं मला बलिवलं. म्हणली, निरोप अडकलाय, तुमी जाता का? निरोप तुमचा हाय, मला न्हाई, ते ठावं हाय. पर म्या आलो तर चालंल का?"

सगळे त्या चिठ्ठीकडं बघत राहिले. मल्लाप्पाला वाटलं, आपलं काही चुकलं. तो म्हणाला, "दवाखान्याचं नाव हुतं, पोरीचं नाव हुतं, सगळंच लिवलं हुतं त्यात. म्हून आलो."

चालेल का? आकारामभाऊंनी त्या परक्या माणसाला उराशी धरलं ते सोडेचनात. डॉक्टरांनाच सोडवावं लागलं, कारण त्यांना मल्लाप्पाचा हात हवा होता.

संध्याकाळी दवाखान्याच्या टेबलावरचा फोन वाजला आणि नर्सनं आकारामभाऊंना बोलावलं. कोल्हापूरवरून खरखरत येणारा आवाज, पण ओळखीचा.

"माझी ड्यूटी संपली, आकारामभाऊ. जाता जाता विचारते. तुकडे पोचले का?"

आकारामभाऊंना पुष्कळ बोलायचं होतं. एवढंच बोलले, "पोचलं, ताई. जो चुकला त्यो सुदिक पोचला."

"आणि राही?"

"हाय. राही हाय."

तारेत मध्येच कुणीतरी काही विचारलं. मग उमाताई म्हणाल्या, "कोल्हापूरची मुलगी विचारतेय, सोलापूरची दोनदा विचारून गेली. सांगते त्यांना." आकारामभाऊंची लाईन म्हणजे तिसऱ्याच्या कानी न जाणारी, याचाच त्यांना मोठा अभिमान. आज त्यांच्या घरची गोष्ट चार जिल्ह्यांच्या कानी गेली होती, आणि चारही जिल्ह्यांतून पोरी विचारत होत्या की राही कशी आहे.

हंगाम संपल्यावर आप्पासोंनी त्यांना बोलावून घेतलं. लाईनचं भाडं भरायची वेळ आली होती. ठेवायची का सोडायची? आकारामभाऊंनी बराच विचार केला. म्हणाले, "ठिवा. रोज त्येच दोघं, रोज त्येच बोलणं, तितं आपली तार पायजे. राहीची खबर पैल्यांदा मला तिनंच दिली, ते कसं इसरू? पर आप्पासो, कवा कुणाला हाक मारायला लागंल, ते कुणाला ठावं? तवा समद्यांची जाळी असावी. एक धागा तुटला तर दुसऱ्यानं जातंय." आप्पासोंनी भाडं भरलं, आणि उसाच्या ट्रकांची उंची ठरवून दिली. ते खरं तर आधीच करायला हवं होतं, पण असो.

त्या वर्षापासून दर संक्रांतीला आकारामभाऊंच्या घरी तिळगुळाचे पुडे बांधले जाऊ लागले. कराड, कोल्हापूर, मिरज, सोलापूर, जत, कवठे महांकाळ. ज्या एसटीचा कंडक्टर हो म्हणेल त्याच्या हातात पुडा, आणि प्रत्येक पुड्यावर सगळं लिहिलेलं, कुणाला, कुठं, कुणाकडून. चंद्राबाई म्हणायची, एकाच चिठ्ठीवर लिहून सगळे एकात बांधा की. आकारामभाऊ तिच्यावर डाफरायचे. "प्रत्येकाला एकट्याला पोचता आलं पायजे," म्हणायचे. जणू ही अक्कल त्यांनीच शोधून काढली होती.

सहाएक वर्षांनी उमाताईंची साताऱ्याला बदली झाली. आकारामभाऊंनी त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. त्या संक्रांतीला त्यांनी पुडा एसटीत टाकला नाही. राही माहेरी आली होती. तिला आणि त्या दिवशी जन्मलेल्या धाकट्या नातीला घेऊन ते साताऱ्याला गेले, धोतर-फेटा घालून, लग्नाला निघाल्यासारखे. एक्स्चेंजाच्या दारात उमाताई बाहेर आल्या. बुटक्या, चष्मेवाल्या, केसात पांढरे धागे. आकारामभाऊंनी वाटेत भाषण पाठ केलं होतं. ते बाजूलाच राहिलं. त्यांनी नुसते हात जोडले.

उमाताईंनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही फारसं. त्या राहीकडं बघत होत्या. पुढं होऊन त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला.

"तू राही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी चार वेळा लिहिलं तुझं नाव. चौथ्यांदा ते माझ्याकडून चुकलं, खोडून पुन्हा लिहिलं. तुझ्या वडलांना कळू दिलं नाही."

राही वाकून त्यांच्या पाया पडली. आकारामभाऊ तिळगुळाचा पुडा हातात धरून उभेच होते, तेव्हा नातीनं तो त्यांच्या हातून घेतला आणि उमाताईंना दिला.